फारकतीची अट

वकिलानं माझ्या पोरीची हनुवटी धरली आणि तिचं तोंड खिडकीकडं वळवलं.

"नाक बघा," तो म्हणाला. "बापाचं आहे का हे?"

खोलीत हशा पिकला. माझा दीर हसला. खुर्चीत बसलेला माझा नवराही हसला. मी दाराशी उभी. मला बस कुणी म्हटलं नव्हतं. पोर सहा वर्षांची. तीही हसली. सगळे हसतायत म्हणून.

हा वकील माझा होता. रत्नागिरीत माझ्या भावानं माझ्यासाठी केलेला.

नवरा मुंबईला गिरणीत. तिथं त्यानं दुसरं बिऱ्हाड मांडलं होतं. त्याला फारकत हवी होती. नुसती फारकत मी दिलीही असती. पण पावसला सासऱ्याची आंब्याची कलमं होती आणि सासरा नुकताच वारला होता. पोर नवऱ्याची ठरली, तर उद्या ती वाटा मागेल. म्हणून त्यांनी अट घातली. मी कोर्टात कबूल करायचं, की पोर दुसऱ्या कुणाची. बदल्यात गोठ्याशेजारची खोली मरेपर्यंत माझी.

"तुमच्या लोकांत हे चालतंच की," वकील म्हणाला. "हो म्हण. सुटशील."

भाऊ जमिनीकडं बघत म्हणाला, "बाय, मिटव गो आता. घराची शोभा होते."

मी नवऱ्याकडं बघितलं. बारशाला ह्याच माणसानं मुंबईहून चांदीचे वाळे आणले होते. स्वतःच्या हातानं पोरीच्या पायात घातले होते. आता तो नखं बघत बसलेला.

वकिलाचा हात अजून पोरीच्या तोंडावर. मी पुढं झाले. झटकला.

"हात काढ."

वकिलाला मी अरे-तुरे केलं.

"पोर ह्याची हाय. माझ्याकडं बघून नाय म्हणू दे त्याला."

नवऱ्यानं मान वर केली नाही. दीर बोलला, "माजली."

एस्टी स्टँडवर पोरीनं विचारलं, "आये, माझा नाक वाईट हाय?"

सासरी मार खाल्ला, उपाशी झोपले, तेव्हा मी रडले होते. त्या दिवशी रडू आलं नाही. राग आला.

वकील सोडला. नवऱ्यानं पोर आपली नाही म्हणून फारकतीचा दावा लावला. कोर्टात एकटी उभी राहिले. नवऱ्याच्या वकिलानं भरल्या कोर्टात मला नाही नाही ते विचारलं. मागं लोक खिदळत होते. मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मोठ्यानं दिलं. मागच्या बाकापर्यंत जाईल असं. जज्जानं नवऱ्याचा आरोप फेटाळला. पोरीला बापाचं नाव राहिलं.

एवढंच. भावाचं दार बंद झालं. दिरानं विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. गावात पोरीला अजून खोचून बोलतात. मी मिरजोळ्याला कारखान्यात आंबे सोलते. चिकानं बोटं सोलवटतात.

परवा नवऱ्याचा निरोप आला. आता पोरीबद्दल काही बोलणार नाही, फक्त फारकत दे.

मी उलट निरोप धाडला. कोर्टात उभा राहा. बायको जिवंत असताना दुसरी केली, असं सगळ्यांसमोर सांग. सांगशील त्या दिवशी देईन. कलमांतला पोरीचा वाटा मात्र सोडणार नाही. तोवर मी तुझी बायको. संसारासाठी नव्हे. तुझ्या वाटेत आडवी उभी राहायला.