नळीत उभं रक्त

विद्यापीठाच्या नामांतरावरून पुकारलेल्या बंदमुळं बसगाड्या नव्हत्या. त्या दिवशी हर्सूलहून चालत एक कामगार आमच्या लॅबमध्ये आला. उजवा हात थरथरायचा, म्हणून कारखान्यानं त्याला मशीनवरून काढलं होतं. अंगात सूज आहे का ते बघायला मी त्याचं रक्त काचेच्या नळीत तासभर उभं ठेवलं; सूज असली की तांबड्या पेशी झपाट्यानं खाली बसतात. तो नळीसमोरच बसून राहिला.

"रगत तरी गप हाय माझं," तो म्हणाला.

तासानं मी सांगितलं, "सूज नाही. रिपोर्ट चांगला आहे."

त्याचा चेहरा उतरला. "सूज निघाली तर गोळ्यांनी हात थांबंल, असं डॉक्टर म्हनले व्हते."

आता अशा हात थरथरण्याच्या आजारातली, कंपवातातली, बारीक सूजही रक्तात सापडते म्हणतात. तेव्हा आमच्याकडं ती एकच नळी होती.

त्यानं बाही पुन्हा वर केली. "अजून एकडाव बघा ना, साहेब."

काय निघणार ते मला माहीत होतं. तरी मी सुई उचलली.