आसवांच्या आधीचं पान

सलोमीबाई वारली तेव्हा प्रार्थनेत नवे पाळकसाहेब तिला 'सोशिक भगिनी' म्हणाले. मी मागच्या बाकावर बसले होते आणि मला उठून ओरडावंसं वाटलं. सोशिक म्हणे! जी बाई देवालासुद्धा 'अजून किती थांबायचं?' म्हणून दरडावून विचारायची, तिला मेल्यावर सोशिक करून टाकलं. मेलेल्या माणसाला कोणताही सदरा चढवा, तो काही हात धरत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी बौद्ध घरातली. माझे वडील चिमूरकडे मजुरी करायचे आणि पोरीनं शिकावं म्हणून त्यांनी मला घुग्घुसच्या वाटेवरच्या मिशनच्या वसतिगृहात ठेवलं होतं. सलोमीबाई तिथं स्वयंपाक करायची. तिचा नवरा इस्तारी जवळच्याच एका खाजगी कोळसा खाणीत ठेकेदाराच्या टोळीत होता. चौसष्ट साली त्या खाणीत आग लागली. खाणीतली आग विझवायची तर तिची हवा तोडावी लागते, म्हणून खाणमालक शेठच्या हुकमानं खाणीच्या तोंडात विटांची जाड भिंत घातली गेली. इस्तारी त्या पाळीला आत गेला होता. त्याच्याबरोबर दसरू आणि चैतू हे धानोऱ्याकडच्या जंगलातून आलेले दोन गोंड मजूर होते. तिघंही बाहेर आले नाहीत.

शेठचा मुनीम म्हणाला, आत कोणी नव्हतंच. ठेकेदारानं कानावर हात ठेवले. मग गावात कंडी पिकली की इस्तारी कोण्या बाईला घेऊन सिरोंच्याकडे पळाला. ही कंडी कोणी पिकवली ते शेंबड्या पोरालाही कळत होतं, आणि तरी सगळ्या गावानं ती पानासारखी चघळली. दसरू आणि चैतूबद्दल तर कंडी पिकवायचीही कोणाला गरज वाटली नाही. जंगलातली माणसं, गेली असतील जंगलात.

ईस्टरच्या पहाटे ख्रिस्ती लोक कबरस्तानात जातात आणि आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवतात. सलोमीबाईला फुलं ठेवायला कबर नव्हती. विधवा म्हणावं तर मयत नाही, सवाष्ण म्हणावं तर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ती झेंडूची फुलं घेऊन खाणीच्या बंद तोंडाशी जायची आणि चौकीदार तिला हाकलायचा. ती शिव्या देत परत यायची आणि मग आम्हा पोरींचा भात हमखास बुडाला लागायचा.

तिला जेमतेम वाचता यायचं. बायबलात ती दोनच पुस्तकं वाचायची, दानीएलाचं आणि अगदी शेवटचं, प्रकटीकरणाचं. "बाकीचं सुखातल्या लोकायसाठी हाय," म्हणायची. चुलीपुढं बसून ती आम्हाला समुद्रातून निघालेल्या चार श्वापदांची गोष्ट सांगायची. पंखांचा सिंह, दातांत फासळ्या धरलेलं अस्वल, चार डोक्यांचा बिबट्या. चौथ्याचं नावच नाही, फक्त लोखंडी दात. आम्ही घाबरून एकमेकींना चिकटायचो.

"भेता कायले?" ती ओरडायची. "हे राजे होत, राजे! लोकायले खाऊन खाऊन मोठे झालेले. एकामागून एक येतात अन् एकामागून एक मरतात. मेल्यावर त्यायची हाडंबी नाई सापडत."

त्या वेळचे पाळकसाहेब, माणूस वाईट नव्हता, पण खाणवाल्यांनी प्रार्थनाघराला विजेची तार जोडून दिली होती आणि ती तार त्यांच्या गळ्याभोवतीही होती. त्यांनीच एकदा रविवारच्या वर्गात सांगितलं की ही पुस्तकं चिरडल्या गेलेल्या लोकांनी लिहिली. राजाचं नाव घेतलं तर मान जायची, म्हणून राजाला श्वापद म्हटलं. आणि शेवटचं पुस्तक लिहिणारा योहान बेटावरचा कैदी होता. जुने लोक सांगतात, त्याला तिथं खाणीत कामाला जुंपलं होतं.

एवढं बोलून पाळकसाहेब पुढं गेले, पण सलोमीबाई तिथंच थांबली. त्या दिवसापासून योहान तिच्या नात्यातला झाला.

"खाणीतला मानूस होता तो," ती मला म्हणाली. "म्हणून त्याले वेदीखालचा आवाज ऐकू आला. मारून टाकलेले लोक वेदीखालून वरडतात, देवा, अजून किती दिवस? अन् त्यायले काय भेटते? पांढरे कपडे! कपडे घाला म्हणते अन् आनखी थोडं थांबा म्हणते." तिनं उलथनं चुलीवर आपटलं. "धा वर्सं झाली तरी थांबाच का?"

तेव्हा दहाच वर्षं झाली होती. बावीस व्हायची होती.

पण तिचा खरा दावा सिंहाच्या गुहेवर होता. दानीएलाला राजा सिंहांच्या गुहेत टाकतो. तोंडावर धोंडा ठेवतात आणि त्यावर राजा आपल्या अंगठीचा शिक्का मारतो. रात्रभर राजाला झोप येत नाही. पहाटे तो स्वतः गुहेच्या तोंडाशी धावत जातो आणि रडक्या आवाजात दानीएलाला हाक मारतो. दानीएल आतून ओ देतो.

"राजा होता तरी आला ना?" सलोमीबाई म्हणायची. "हाक मारली ना त्यानं, नाव घेऊन? माह्या मानसाले कोनी हाक मारली? भितीवर विटा ठेवतानी कोनी इचारलं का, कोन हाय रे आत? मले पैसा नोको. कोनीतरी तिथं जाऊन हाक मारा. पळून गेला म्हनता ना? मंग हाक माराले काऊन भेता?"

तिला एवढंच पाहिजे होतं. खाणीच्या मालकानं, जो कोणी मालक असेल त्यानं, चारचौघांसमोर त्या भिंतीशी उभं राहून तिघांची नावं घ्यायची. त्र्याहत्तर साली सरकारनं खाणी घेतल्या, शेठ नागपूरला गेला, नवे साहेब आले. ती प्रत्येक साहेबाकडं गेली. कोणी हसलं, कोणी चहा पाजला. एकानं तिला धीर दिला की ताई, झालं गेलं गंगेला मिळालं.

"गंगेले नाई मिळालं," ती म्हणाली. "तुमच्या भितीमांगं हाय."

एक्याऐंशीच्या सुमाराला बाहेरगावचा एक प्रचारक मंडप टाकून बोलायला आला. त्याच्याकडं कापडावर रंगवलेलं सात डोक्यांचं श्वापद होतं. ते अजून यायचं आहे, त्याचा सहाशे सहासष्ट हा आकडा संगणकात लपला आहे, असं तो घसा ताणून सांगत होता. सलोमीबाई उभी राहिली. "भाऊ, यायचं नाई, येऊन गेलं. भित घालाले वरोऱ्याच्या रस्त्यानं मोटारीत बसून आलं, शेंगा खात होतं. मी पाह्यलं." लोक हसले. तिला हात धरून बाहेर काढलं. बाहेर काढणाऱ्यांत तेच होते जे इस्तारीच्या पळण्याच्या गोष्टी रंगवून सांगायचे.

आणि मयत! कोणाच्याही मयताला पाळकसाहेब शेवटच्या पुस्तकातलं एकच पान वाचायचे. देव त्यांच्या डोळ्यांतली आसवं पुसेल, मरण राहणार नाही, दुःख राहणार नाही. सलोमीबाई कबरीच्या कडेला उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "त्याच्या आधीचं पान वाचा." आधीच्या पानावर समुद्र आपल्यातली मेलेली माणसं परत देतो, मरण आपल्यातली परत देतं, आणि मग एकेकाचा न्याय होतो. आसवं त्यानंतर. "देव पुसाले येईनच," ती म्हणायची, "पन आधी इचारीन, हे आसू कोनं काढले?" पाळकसाहेब पान उलटायचे नाहीत. लोकांना घरी जाऊन जेवायचं असायचं.

मी देव मानत नाही. पण ते आधीचं पान मला पटलं होतं, आजही पटतं. आमच्याकडे सगळ्यांना आसवं पुसायची फार घाई असते.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात जुन्या खाणीवरची माती काढून उघडी खाण करायचं ठरलं. मी तोवर घुग्घुसच्या शाळेत शिक्षिका झाले होते. भलंमोठं शॉवेल मशीन आलं, त्याच्या बादलीला हाताएवढे लोखंडी दात. सलोमीबाई रोज कुंपणाशी जाऊन उभी राहायची. "चौथं आलं," ती मला म्हणाली. आवाजात भीती नव्हती. भुकेल्या माणसानं ताटाकडं बघावं तसं ती त्या यंत्राकडं बघत होती.

एका सकाळी त्या दातांना विटांची भिंत लागली. वरच्या विटा ढासळल्या आणि चालकानं मशीन बंद केलं. भिंतीच्या आतल्या अंगाला, अगदी तिला टेकून, तीन माणसांची हाडं होती. विटांवर आतून घाव होते. कोळसा फोडायच्या गैंतीचे, खाली खाली आलेले. आधी उभ्यानं मारलेले, मग बसून.

पोलिसांनी पंचनामा केला. तीन पेट्या आल्या. गावातला एकही माणूस सलोमीबाईच्या डोळ्याला डोळा देईना, आणि तरी सगळे बघायला जमले, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला जमतात तसे. दसरू आणि चैतूचं कोणी सापडलं नाही. सलोमीबाई म्हणाली, मी आहे.

कंपनीनं खाणीच्या कडेलाच छोटा कार्यक्रम ठेवला. सतरंजी, हार, मॅनेजरसाहेबांसाठी खुर्ची. नवीनच बदलून आलेला तरुण माणूस. पाळकसाहेब तेच जुने, आता म्हातारे. त्यांनी चष्मा लावला आणि ते आसवांचं पान उघडलं.

"थांबा," सलोमीबाई म्हणाली.

तिनं पेट्यांपुढं बसकण मारली. "मातीत तर होताच तो. आता पुन्हा गाडाची येवढी घाई काऊन? आधी साहेबायनं हाक माराची."

मॅनेजरसाहेबांना कळेना. मी कधी कोणावर ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. बावीस वर्षं ही बाई काय मागते आहे ते मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, आणि गावानं काय कंडी चघळली तेही सांगितलं.

"पण बाई, माझा काय संबंध?" साहेब म्हणाले. "मी तेव्हा शाळेत होतो."

"तुमी होते शाळेत. तुमची खुर्ची इथंच होती," सलोमीबाई म्हणाली.

"आणि ते तर... आता ते कसे ऐकणार?"

"त्यायले नाई ऐकवाचं. यायले ऐकू द्या." तिनं जमलेल्या गावाकडं हात केला.

साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. कोणी मदतीला आलं नाही. ते उठले, उतारावरून खाली गेले, फुटलेल्या भिंतीपाशी उभे राहिले. बूट धुळीनं माखले.

"इस्तारी," ते म्हणाले.

"जोरात, साहेब. भितीमांगं हाय तो."

"इस्तारी!"

"दसरू अन् चैतूलेबी."

"दसरू! चैतू!" मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पुन्हा एकदा हाक मारली, खच्चून, घसा फाटेस्तोवर, "इस्तारी!" डम्पर, मशीन, सगळं बंद होतं. हाक उघड्या खाणीत खालपर्यंत गेली. आम्ही सगळे उभे होतो. बायकांनी पदर तोंडाला लावले होते, आणि या वेळी कोणी हसत नव्हतं. आतून कोणी ओ दिली नाही.

सलोमीबाईनं मान वळवून एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. पळून गेला म्हणणाऱ्यांकडं, तिला मंडपातून काढणाऱ्यांकडं. कोणालाही तिनं सोडलं नाही. मग ती पेटीवर हात ठेवून पाळकसाहेबांना म्हणाली, "आता वाचा तुमचं ते आसवाचं पान."