जानेवारीतला अंतोन

लोणावळ्याच्या रेल्वे यार्डात गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारा अंतोन सांधेवाला कुत्र्यांना भाकरी टाकल्याखेरीज स्वतः घास घेत नसे. कोणी हसले तर म्हणे, "आमचा बाबा जनावरांचा राखणदार हाय. त्याला काय तोंड दावू?"

हा बाबा म्हणजे संत अंतोन. पण त्या नावाचे संत दोन. एकाचा सण तेरा जूनला. तो हरवलेली वस्तू शोधून देतो म्हणून गावातले हिंदूही त्याच्यापुढे मेणबत्ती लावत. सगळ्यांना तोच ठाऊक. दुसरा फार जुना, रानात एकटा राहिलेला म्हातारा. त्याचा सण सतरा जानेवारीला. आमचा अंतोन त्या दिवशी जन्मला, म्हणून त्याला नाव मिळाले ते या म्हाताऱ्याचे. मी तिथे कारकून होतो. चहाच्या वेळी हे त्याने मला इतक्यांदा ऐकवले की मी म्हणायचो, "अंतोनभाऊ, तुमच्या दोन्ही बाबांची हजेरी आता मीच मांडतो."

वर्षात तो सतरा जानेवारीची एकच रजा घेई. लिहिता येत नसे, म्हणून अर्ज मी लिहायचा. त्या साली तो खिडकीशी येऊन "सणाला जातो" एवढेच म्हणाला. मी "जा खुशाल" म्हणालो आणि अर्ज लिहायचा विसरलो. सतराला सांध्यावर माणूस नाही. मालगाडी सिग्नलबाहेर तासभर अडकली.

दुसऱ्या दिवशी साहेबाने आम्हा दोघांना समोर उभे केले. संत अंतोनचा सण जूनमध्ये असतो, मिरवणूक आपण स्वतः पाहिली आहे, असे तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, बायको बाळंतीण होती.

"सणाची रजा म्हणाला, साहेब. मला वाटलं जूनची."

खोटी सबब सांगितली म्हणून अंतोनला काढले. तीन दिवसांत खोली सोडायला लावली. मी सगळे पाहत होतो. दोन वर्षांनी तो दौंडकडे हमाली करताना वारल्याचे कळले. आता वय झाले, खरे सांगावेसे वाटते, पण ज्याला सांगायला हवे होते तो नाही.

आमची शेवटची भेट, तो खोली सोडून निघाला त्या दिवशी, फलाटावर झाली. ट्रंकेवर त्याची बायको तोंड फिरवून बसली होती. अंतोनने माझा हात धरला.

"मनाला लावून घेऊ नका, भाऊसाहेब. नाव एकच, घोटाळा व्हतो. मीच नीट समजावलं न्हाई."

मग त्याने एक बोट वर केले. जूनचा वस्तू शोधतो. दुसरे बोट केले. जानेवारीचा जनावरं राखतो.

"आता ऱ्हाईल न्हवं ध्यानात?"

"राहील," मी म्हणालो.