मोठ्याने वाचा

बनशंकरीच्या सार्वजनिक वाचनालयात काल मी जुनं कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांचा वास आला. त्या वासासरशी मी बसवनगुडीच्या वाचनालयात पोचले, दहा वर्षांची होऊन.

नागपूरहून या कन्नड शहरात येऊन आम्हाला वर्ष झालं होतं. मी शाळेत कन्नड शिकले होते, आईला मात्र बसची पाटीही वाचता येत नव्हती. तिथल्या ग्रंथपाल अक्कांनी तिला पेपर वाचणाऱ्या पुरुषांच्या टेबलाशी बसवलं आणि पुढ्यात पहिलीचं कन्नड पुस्तक ठेवलं. एक गृहस्थ पेपर खाली करून म्हणाले, "ही जागा वाचणाऱ्यांची आहे."

"सरी, बरोबर आहे," अक्का म्हणाल्या, "त्याही वाचायलाच आल्यात."

आई एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचत राहिली. मी लाजून कपाटाआड उभी होते, याच वासात. तिला केवढं धाडस लागलं असेल, हे तेव्हा कळलं नाही.

आता दर बुधवारी मी बनशंकरीच्या वाचनालयात बायकांना मोबाइलवर पेन्शनचा अर्ज भरायला शिकवते. काल एकजण कुरकुरले, "वाचनालयात शांतता हवी."

मी त्यांच्यासाठी खिडकीपाशी खुर्ची लावून दिली. मग परत येऊन अर्ज वाचता वाचता थांबलेल्या बाईंना म्हटलं, "अक्का, मोठ्याने वाचा."