पाटी बदलली, साक्ष राहिली

बिजलीबाईला वाचता येत नाही, पण पिशवीतला प्रत्येक कागद ती ओळखते. हळदीचा डाग पडलेला, ते तिच्या नवऱ्याचं, फुलसिंगचं शपथपत्र. कोपरा उंदरानं खाल्लेली, ती पंपाची पावती. दारव्ह्याच्या बाजाराला अंबाडीची भाजी घेऊन आली, की ती आमच्या ओट्यावर टेकते आणि मी तिला खटल्याच्या तारखेचे कागद वाचून दाखवते.

प्रकरण बोंडअळीच्या वर्षातलं, २०१७चं. अळी हटेना म्हणून तांड्यात रोज फवारणी चालली होती. फुलसिंगनं घेतलेला नवा पंप पहिल्याच दिवशी गळला, पांढरं औषध पाठीत मुरलं आणि तो बारा दिवस दवाखान्यात पडून राहिला. दुकानदारानं कानांवर हात ठेवले, तेव्हा दोघांनी यवतमाळच्या ग्राहक मंचात तक्रार टाकली. फुलसिंगचं शपथपत्र झालं. पुढच्या वर्षी त्याला लकवा मारला आणि वाचा गेली. त्याचं म्हणणं उरलं ते त्या हळदीच्या डागाच्या कागदावर.

२०२० साली ग्राहकांसाठीचा नवा कायदा आला. दिवाळीआधी वकिलांच्या कारकुनानं, अतुलनं, तिला बोलावलं. मी सोबत होते.

"मावशी, मंच गेला, आता आयोग आला. इथं आंगठा द्या. जुनी केस मागं घेऊ, नवी टाकू."

"हा कागद माह्या पिशवीतला नाई," बिजलीबाई म्हणाली. "मंच गेला मंजे? इमारत पडली का?"

"इमारत तीच हाय. पाटी बदलली."

"मंग सोनूच्या बापाचं बोलणं कायले पुसून राह्यले?" नवऱ्याचं नाव न घेता तिनं विचारलं.

"नवं शपथपत्र करू ना."

"त्याहिच्या तोंडून? करा."

अतुलनं अर्ज थोडा पुढं सरकवला. ती मात्र थांबली नाही.

"आमच्या तांड्यात डोंगरसिंग नायक गेला अन् भावसिंग बसला. तवा नायकापुढची चार भांडणं अर्धी होती. भावसिंगनं कोणाले म्हटलं नाई, पहिल्यापासून भांडा. जुने पंच बाजूले बसवले. त्याहिनं काय ऐकलं ते सांगितलं, अन् जिथं थांबलं तिथून पुढं चाललं."

"मावशी, तांडा येगळा, सरकार येगळं."

"असंन. पण पुस्तकात पाह्यलं का?"

पाहिलं नव्हतं. आतून वकील धम्मरत्न बाहेर आले, कायद्याचं पुस्तक काढून शेवटची पानं चाळली आणि सावकाश समजावलं. जुन्या मंचापुढची प्रकरणं मोडत नाहीत, झालेलं कामकाज धरूनच पुढं चालतात. उलट जुनी तक्रार मागं घेतली असती, तर दोन वर्षांची मुदत कधीच उलटल्यामुळे नवी दारातूनच परत आली असती.

"मावशी, तुमी वकिली काहून नाई केली?" अतुल ओशाळून म्हणाला.

"भाजी कोण इकंन मंग?"

त्यानं माघारीचा अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पुढची तारीख लिहून दिली.

शेवटच्या सुनावणीला ती फुलसिंगलाही घेऊन गेली. शपथपत्र वाचलं गेलं : "दुकानदार म्हणतो, पाठ ओली झाली तो माझा घाम होता. माझा घाम पन्नास वर्षांत कधी पांढरा निघाला नाही." समोरचे वकीलही हसले. फुलसिंग अर्ध्या तोंडानं हसला.

"हे तुमचंच म्हणणं?" आयोगाच्या सदस्यांनी विचारलं. त्यानं मान हलवली.

"त्याहिचंच हाय, साहेब," बिजलीबाई म्हणाली. "मी इतकं कमी बोलत नाई."

त्याच शपथपत्रावर निकाल त्यांच्या बाजूनं लागला. प्रत घेऊन ती आमच्या ओट्यावर आली. मी वाचून दाखवल्यावर तिनं माझ्याकडून बोटभर गोडं तेल मागून घेतलं, खूण म्हणून कागदाच्या कोपऱ्याला लावलं, आणि तो हळदीच्या डागाच्या कागदाखाली ठेवला.