बाबांच्या मांडीतला रॉड

"हा फुकटचा रॉड आहे. जपून वापरा."

राउंडला आलेले मोठे डॉक्टर पेनानं बाबांच्या पलंगाची कड वाजवत म्हणाले. मागच्या शिकाऊ डॉक्टरांत कुणीतरी हसलं. बाबाही हसले. आणि मी, घरातली पहिली पदवीधर, हात जोडून म्हणाले, "थँक्यू, सर."

त्या थँक्यूची लाज मला अजून वाटते.

बाबा गवंडी. परांचीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका खासगी दवाखान्यात सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं. शेजारच्या पलंगावर पिशोरचे रफिकचाचा. कापड दुकानदार, मोटरसायकलवरून पडलेले. हाड तेच, मोडलेलंही मधोमध. डॉक्टर त्यांना म्हणाले, "तुम्हाला बाहेरच्या देशातला टाकलाय. योजनेतला वाकतो." त्या बाहेरच्या रॉडसाठी चाचींनी सोन्याच्या बांगड्या मोडल्या होत्या.

बाबांनी पलीकडून ते ऐकलं. एवढाच शब्द धरून ठेवला. वाकतो.

दीड महिन्यानं धाकट्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "हाड छान जुळतंय. आता पाय टेका, वजन द्या." घरी बाबा वॉकर धरून उभे राहायचे, पण तो पाय अधांतरी.

"टेका ना, बाबा."

"वाकंल ना गं. फुकटचा हाय त्यो."

दिवस गेले. मांडी सुकली. गुडघा आखडला. तिकडं चाचा काठी घेऊन दुकानात जायला लागले. फोनवर म्हणायचे, "मैं तो चलने लगा, बेटी. तुझ्या बाबाला सांग, असं लाजत राहिला तर नवरी दुसराच कुणी घेऊन जाईल."

बाबा हसायचे. पाय टेकायचे नाहीत. मला वाटलं, महागाचा तो महागाचाच. मी तेही मानलं. पहिला संशय मी डॉक्टरवर घेतला नाही. बापावर घेतला. अंगचोरपणा करतात, असं वाटलं.

मी वाळूजच्या एका कारखान्यात आलेला माल तपासते. खोक्यावरचं स्टिकर वाचायचं, पार्ट नंबर जुळवायचा. जुळला नाही तर माल परत, मग पुरवणारा कितीही मोठा असो. पण दवाखान्याची फाईल मी एकदाही उघडली नव्हती. पिशवीत घालून कपाटात ठेवली होती, माझ्या डिग्रीच्या कागदाशेजारी. एवढ्या शिकलेल्या माणसानं लिहिलेलं, त्यात आपण काय तपासायचं?

पुढच्या तपासणीला चाचा भेटले. बाकावर त्यांची फाईल उघडी पडली होती. ऑपरेशनच्या कागदावर रॉडच्या खोक्याचं स्टिकर चिकटवलेलं. सवयीनं माझी नजर नंबरावर गेली. मी आमची फाईल उघडली. आमच्याही कागदावर स्टिकर होतं.

कंपनी तीच. मॉडेल तेच. धातू तोच. लांबीचा आकडा तेवढा वेगळा, कारण चाचा उंच आहेत. दोन्ही रॉड आपल्याच देशात बनलेले.

चाचांनी चष्मा वर केला. "मतलब, माझ्यापण मांडीत फुकटवालाच?"

बाबांनी दोन्ही स्टिकरांवरून बोट फिरवलं. मग बाकाची कड धरून उठले आणि पाय टेकला. पूर्ण. गुडघा वाकेना, दुखण्यानं तोंड वेडंवाकडं झालं. तरी उभे राहिले.

"मग त्यो तसं का बोलला गं?"

मी आत मोठ्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही फायली टेबलावर ठेवल्या. "सर, या दोन रॉडांत फरक काय?"

"तुला कळतं का त्यातलं? ऑपरेशन फुकट झालंय, उपकार मान."

हात जोडायची सवय होती. मी हात मागं बांधले.

"फरक लिहून द्या, सर. खाली सही करा."

"बाहेर हो."

"आधी लिहून द्या."

ते लिहीनात. मी हलेना. दारात बाबा आणि चाचा, दोघं आपापल्या पायावर. शेवटी डॉक्टरच उठून गेले. आम्ही स्टिकरांच्या झेरॉक्स लावून योजनेच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली, शिक्क्याची पोच घेतली. उत्तर नाही. मी दर सोमवारी तिथं विचारायला जाते.

रॉड सरळ आहे. गुडघा मात्र अर्धाच वाकतो. बाबा परांचीवर पुन्हा चढणार नाहीत.

आता वस्तीत कुणी दवाखान्यातून घरी आलं की मी आधी फाईल मागते. उघडते. वाचते. जे सांगितलं आणि जे चिकटवलंय, ते जुळवते.

जुळलं, तरच थँक्यू.