तळव्याचं कुरूप

बाबांच्या डाव्या डोळ्यात एका बाजूने काळा पडदा यायला लागला, तेव्हा आम्ही कामोठ्याच्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने नंबर बदलला. महिन्याने परत बदलला. डोळ्यात विजा चमकतात असं बाबांनी सांगितलं, तर तो म्हणाला, वय झालं, मोतीबिंदू पिकत असेल. मी मान डोलावली. शिकलेली बाई ना मी, बँकेत कामाला.

शेवटी खारघरच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी थेंब टाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळ्याचं सोडून भलतंच विचारलं, अंगावर कुठे काळा डाग आहे का, वाढत गेलेला? मी ताडकन नाही म्हटलं. बाईंनी तरी चपला काढायला लावल्या.

टाचेजवळ होतं ते. पण आमच्यात त्याला डाग कोण म्हणतं? बाबांचं अर्धं आयुष्य मिठागरात अनवाणी गेलं. चिरलेले, काळवंडलेले तळवे आमच्या गावात घरोघरी. कुरूप झालं की पाय गरम पाण्यात भिजवायचा आणि ब्लेडने तासायचं, ही रीत. कुरूप दाखवायला डॉक्टरकडे गेलं तर गाव हसेल. आजीने आजोबांचं तासलं, आईने बाबांचं, आणि आई गेल्यावर मी. दर रविवारी, दोन वर्षं. रक्त आलं की हळद दाबायची. काळं वाढतंय हे मला दिसत होतं. मला वाटायचं, जुनी घाण बाहेर पडतेय. या अडाणीपणाची मला अजून चीड येते.

तपासण्या झाल्या. कातडीचा कॅन्सर, तळव्यातून निघून यकृतात आणि डोळ्यात पोचलेला. आणि आम्ही काचा बदलत बसलो होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी पाय हातात घेऊन विचारलं, हे कापत कोण होतं? कापल्यामुळेच पसरला असं नाही, ते म्हणाले, पण कापणाऱ्याने एकदा तरी दाखवायला हवं होतं.

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मीच कापायचो. पोरीला काय माईत नाय."

डॉक्टर त्यांना बरंच बोलले. बाबांनी खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि मी शेजारी बसून ऐकू दिलं.

चार महिन्यांत ते गेले. दहाव्याला माणसं विचारत होती, कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मी म्हटलं, बाबा स्वतःच कापायचे, आम्हाला कुठे सांगितलं.